ग्राहकाचे नाव

मांडवीच्या पुलापासून वेंगुर्ल्याच्या जेटीपर्यंत
बंदर रस्त्यावर एकशे बारा मीटर.
सात तारखेला मी बिलं वाटायला निघते,
आणि बिलावर ज्याचं नाव
तो बहुतेक करून दुकानात नसतो,
गावात नसतो, कुठेच नसतो.

इसाक उमर, शिडांची शिलाई.
आता तिथे दोरीवर रबरी कपडे वाळत घातलेले,
काळे, माणसाच्या मापाचे,
आतलं माणूस काढून घेतल्यासारखे.
पोरगा म्हणतो, मॅडम, एकदा तरी समुद्राच्या तळाशी जाऊन या.
मी म्हणते, आधी बिल घे. चार हजार तीनशे.
इसाकचाचाचं साठच्या वर कधी गेलं नाही.
एकच बल्ब, तोही बहुतेक बंद,
कारण शीड शिवायचं ते दिवसाच्या उजेडात;
दाभणाचा एक टाका चुकला
तर तो कळतो कारवारच्या पुढे, भर वाऱ्यात,
आणि तिथे शिंपी नसतो.

जयराम धाकू गिरप,
काथ्या, दोरखंड, डांबर, नांगर.
या दुकानापुढून जाताना शाळेत आम्ही नाक धरायचो.
आज तो वास कुणी बाटलीत भरून विकला
तर मी घेईन.
नातवाने खरा नांगर भंगारात घातला,
किलोवर,
आणि पुढच्या वर्षी गोव्यातून फायबरचा आणला,
निळा, पुढे फोटो काढायला बाकडं.
कॉफी एकशे ऐंशी.
मला फुकट देतो, हेही सांगायला हवं.
दोन चमचे साखर घालून, न विचारता.

रोझी आल्मेडा तेवढी हयात.
तिचं बिल तिच्याच हातात.
खलाशी डबे भरून न्यायचे ते कडक बटर
ती अजून भाजते, एक ट्रे, मंगळवारी.
कोण घेतं ग, मी विचारलं.
म्हणाली, दात असलेलं कोणीही.

मग पावसाळ्याआधी वरून कागद आला:
नवे मीटर बसणार, आकडे चमकणारे,
जुनं फिरतं चाक जाणार,
ग्राहकांची नावं अद्ययावत करा,
मृत असल्यास दाखला जोडा.
महिनाभर मी दाखले गोळा करत फिरले.
प्लास्टिकच्या पिशवीत अख्खी बाजारपेठ,
शिक्का मारलेली, घडी घातलेली.
चढावर पिशवी जड लागायची
की माझे गुडघे, माहीत नाही.

एकशे नऊ नंबर.
बाबल्या सोनू केळुसकर.
मीटर लागला त्याच वर्षी
नारळी पुनवेनंतर कौलं आणायला मंगळूरला गेला,
'दर्यादौलत'वर, सहा माणसांसकट.
बायकोने छत्तीस वर्षं त्याच्या नावाने बिल भरलं,
एकदाही उशीर नाही.
आता सून खोल्या भाड्याने देते,
गरम पाणी, वायफाय, माशाचं ताट.
मी फॉर्म पुढे केला.
तिने हात पुसले, पण घेतला नाही.
"मेल्याचो दाखलो खयसून हाडू?
तो मेलो म्हणान कोणी सांगल्यान?"
आतून कोणीतरी चादरी मागत होतं.
ती गेली, परत आली,
सोलकढीचा पेला माझ्या हातात दिला
आणि विषय संपल्यासारखी उभी राहिली.

फॉर्मवर एक रकाना असतो, शेरा.
एरवी मी तिथे लिहिते: कुत्रा आहे.
किंवा: दार बंद, खिडकीतून टाकले.
त्या दिवशी पेन दोनदा झटकावं लागलं.
लिहिलं: ग्राहक बाहेरगावी.
साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सही केली.
तेही देवबागचेच, दर्यावर्दी घरातले.

एकशे नऊला आता नवा मीटर आहे.
लाल ठिपका लुकलुकतो, रात्री बंदरावरूनही दिसतो,
असं सून म्हणते; मला तरी दिसला नाही.
पुढे एकशे दहा, आइस्क्रीम.
एकशे अकरा बंद.
एकशे बाराला कुत्रा आहे.